दीड वजा

एकाच वाडग्यातल्या कोमट पाण्यात बुडवलेल्या दोन थर्मामीटरांनी एकच आकडा दाखवला, तर त्यात कुणाला धक्का बसावा असं काही नाही. तुम्हाआम्हाला उलट बरंच वाटेल. पण काटेवाले आपल्या स्वयंपाकघरात ते दोन थर्मामीटर हातात धरून असे उभे राहिले होते, की जणू कुणी येऊन त्यांना सांगावं, काका, तुमचं लग्न कधी झालंच नव्हतं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करून करून पडलेलं नाव ते. इमारतीच्या तळमजल्यावर एका खोलीत त्यांचं वर्कशॉप आणि दुसऱ्या मजल्यावर घर. वर्कशॉपमध्ये पितळी वजनांची एक पेटी आहे. आत निळी मखमल, प्रत्येक वजनाला आपापली खोबण, अगदी अंड्यांसारखी निजवलेली. ही वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो म्हणे. यावर काटेवालेबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "लग्नात माझा हात धरायचा होता तेव्हा बरा चिमटा आठवला नाही!"

आता या माणसाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीचं आहे. एखादा काटा दुरुस्त होण्यापलीकडे गेला, की दुसरा कारागीर सांगेल, टाकून द्या. काटेवाले तसं सांगत नसत. तो काटा किती खोटं दाखवतो ते शोधून काढत आणि त्यावर चिठ्ठी चिकटवून देत. 'वीस ग्रॅम जास्त.' 'दहा ग्रॅम कमी.' म्हणत, "खोटारड्याला घराबाहेर कशाला काढायचं? तो किती खोटं बोलतो ते कळलं, की तो खऱ्याच्या बरोबरीचा झाला."

ऐकायला फार छान. पण हा बाणा त्यांनी घरातही आणला. भिंतीवरच्या घड्याळावर चिठ्ठी: 'चार मिनिटं पुढे.' माणसं उभी राहून वजन करतात त्या काट्यावर चिठ्ठी: 'दोन किलो कमी.' ही दुसरी चिठ्ठी बाईंनी दोनदा फाडली आणि दोन्ही वेळा ती परत चिकटवली गेली. काटेवाल्यांच्या घरी वेळ विचारली, तर ते आधी घड्याळाकडे बघणार, मग डोळे मिटून चार वजा करणार, मग बोलणार. मनगटावरचं घड्याळही याच हिशोबाने लावलेलं. मोबाइलवरची वेळ सांगितली तर विचारत, "ती कोण लावतं? त्याला ओळखता तुम्ही?" आणि सकाळची नऊ दहाची बस रोज चार मिनिटं लवकर सुटते, अशी लेखी तक्रार त्यांनी डेपोला दोनदा केलेली. डेपोतून दोन्ही वेळा उत्तर आलं, की बस वेळेवरच सुटते. काटेवाले मान हलवून म्हणाले, "बिचाऱ्यांचं घड्याळ तपासायला कुणी नाही."

थर्मामीटर घरात आला तो त्यांची नात पहिल्यांदा आजोळी राहायला आली तेव्हा. काचेचा, पाऱ्याचा. विकत आणलेल्या वस्तूवर विश्वास ठेवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी डॉक्टरांकडचा एक, औषधाच्या दुकानातला एक आणि आणखी कुणाचा तरी एक असे तीन थर्मामीटर उसने आणले, वाडगाभर कोमट पाणी घेतलं आणि चौघांना त्यात बुडवून बसले. बाईंना त्याच वाडग्यात पीठ मळायचं होतं. त्या दारात उभ्या.

"अहो, कुणाला ताप आलाय? वाडग्याला?"

"थांब गं. आपला दीड डिग्री जास्त दाखवतोय."

"मग बदलून आणा ना!"

"कशाला? कळलंय ना आता, दीड जास्त." आणि थर्मामीटरच्या डबीवर चिठ्ठी लागली: 'दीड वजा.'

एवढं सोडलं, तर ताप बघावा काटेवाल्यांनीच. चहा किंवा गरम पाणी प्यायल्यावर अर्धा तास थांबायचं. पारा झटकून पंच्याण्णवच्या खाली आणायचा, तोही टेबल-भिंतींपासून लांब उभं राहून. जिभेखाली नीट बाजूला ठेवायचा, ओठ मिटायचे, दातांनी धरायचा नाही. घड्याळ लावून चार मिनिटं. मग डोळ्यांच्या रेषेत धरून हळूहळू फिरवायचा, चंदेरी रेघ दिसेपर्यंत. शेवटी साबण लावून थंड पाण्याने धुवायचा. थंडच. नर्सिंगच्या शाळेतही इतकं शिस्तीत शिकवत नसतील. शेवटी घरातले सगळे एका सुरात म्हणत, "दीड वजा!" नात तर ते बडबडगीतासारखं म्हणायची. आणि घरचा कायदा असा होता, की वजा करून एकशे दोनच्या वर गेला की डॉक्टर, खाली असला की ओली पट्टी आणि आराम.

तर असं हे सरळ माणूस. आता सोमवारी सकाळी बाईंना थंडी वाजली.

काटेवाल्यांनी सगळं शास्त्रोक्त केलं. पारा एकशे एक पूर्णांक आठवर. "वजा दीड, शंभर पूर्णांक तीन. किरकोळ आहे." बाई म्हणाल्या, "हो, किरकोळच," आणि दोन चादरी ओढून घेतल्या.

मंगळवारी एकशे दोन पूर्णांक सहा. बाईंनी काटेवाल्यांच्या हातातल्या थर्मामीटरकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. "अहो, ते दीड..."

"केलं वजा. तू नको डोक्याला त्रास देऊ. एकशे एक पूर्णांक एक."

काटेवाल्यांनी पट्टी पिळून कपाळावर ठेवली. पट्टी कपाळावर ठेवता ठेवता गरम होत होती, हे त्यांना कळलं नाही असं नाही. पण हाताला काय कळतं? हाताला चिठ्ठी लावता येत नाही.

बुधवारी सकाळी एकशे तीन पूर्णांक चार. "वजा दीड, एकशे एक पूर्णांक नऊ. दोनच्या आत आहे!" ते आनंदाने म्हणाले. भाजीवाल्याचा काटा बघून तासाभरात येतो, असं सांगून खाली गेले. परत आले तर बाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

"वजा करू नका हो."

"काय म्हणतेस?"

"तो नाहीये तो. तुमचा कधीच फुटला." मग खोकला. मग पुन्हा, "पारा टेबलाखाली गेलाय. पोरीला आत येऊ देऊ नका."

काटेवाले दचकले. बायको बरळायला लागली! थर्मामीटर तर त्यांच्या समोर, डबीत, चिठ्ठीसकट होता. पण एकशे एक पूर्णांक नऊवर माणूस बरळतं का? या एका शंकेने ते जिने उतरून पहिल्या मजल्यावर गेले. तिथे सरकारी हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या नर्सबाई राहतात. त्या नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या, अजून बूटही काढले नव्हते.

"एकशे एक पूर्णांक नऊला बरळतात का हो?"

"कोण बरळतंय?"

"ही. म्हणते थर्मामीटर फुटलाय. चांगला धडधाकट आहे तो."

नर्सबाईंनी पर्स उचलली आणि त्यांच्या पुढे पळत जिना चढल्या. खोलीत शिरल्या आणि आकडाबिकडा न बघता आधी बाईंच्या छातीकडे बघत राहिल्या. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून ओठांत मोजत होत्या. काटेवाले मागून म्हणाले, "थर्मामीटर आणू का? तोंडात..."

"थरथरणाऱ्या माणसाच्या तोंडात काच घालता? दात लागला म्हणजे?" त्यांनी पर्समधून आपला बॅटरीवरचा थर्मामीटर काढला आणि बाईंच्या बगलेत धरून ठेवला. तो पिपाणीसारखा वाजला. "एकशे तीन पूर्णांक एक. आणि श्वास बघा काका, मिनिटाला बत्तीस. काकूंना आत्ता न्यायचं. मी गाडी बोलावते."

काटेवाल्यांनी त्या छोट्या काचेतला आकडा वाचला. जिभेखालच्यापेक्षा बगलेत ताप कमीच दिसतो, हे ते स्वतः सगळ्यांना सांगत आले होते. बगलेत एकशे तीन, तर तोंडात त्याहून जास्त. मग सकाळचा एकशे एक पूर्णांक नऊ कुठे बसवायचा?

"ह्यात चूक किती आहे?"

"कशात?"

"तुमच्या यंत्रात."

नर्सबाईंनी मोबाइल कानाला लावला होता. त्या गाडीवाल्याशी बोलतच म्हणाल्या, "चूक तुमच्या डोक्यात असेल. दुसरा मजला, हो, लिफ्ट नाही."

"पण आमचा दीड जास्त दाखवतो. बारा वर्षं झाली. त्या हिशोबाने..."

"बारा वर्षं कसली? तो तर फुटला."

काटेवाल्यांनी चिठ्ठीची डबी उचलली.

"काय फुटला?"

"थर्मामीटर, काका. दोन वर्षं झाली. काकूंनी चांगला धुवायचा म्हणून उकळतं पाणी ओतलं, काच तडकली. त्या झाडू घेऊन पाऱ्याच्या मागे धावत होत्या, एका थेंबाचे वीस थेंब. मी नेमकी तुमच्याकडे चहाला आलेली. तुमच्या नातीला बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, झाडू हिसकावून घेतला. दोन पोस्टकार्डांनी थेंब गोळा केले, उरलेसुरले चिकटपट्टीने, आणि झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली घालून मीच हॉस्पिटलात नेऊन दिला. काकूंनी दुसऱ्या दिवशी नवा आणला. तुम्हाला नाही सांगितलं?"

"आणि चिठ्ठी?"

"कुठली चिठ्ठी? चिठ्ठीचं मला काय माहीत?"

पण काटेवाल्यांची जात अशी, की माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, बायकोच्या नाही, नर्सच्या नाही, देव खाली उतरून आला तर त्याच्याही नाही. नर्सबाई बाईंना उठवून बसवत होत्या, तेवढ्यात हे त्यांचा आणि आपला असे दोन्ही थर्मामीटर घेऊन स्वयंपाकघरात गेले. वाडगा घेतला. कोमट पाणी. पारा झटकला. दोन्ही थर्मामीटरांची टोकं बुडवली. कोपर ओट्यावर टेकवून आकडे वाचले.

एकशे एक पूर्णांक सहा. एकशे एक पूर्णांक सहा.

त्यांनी पारा झटकून, पाणी हलवून परत मोजलं. एकशे एक पूर्णांक पाच. एकशे एक पूर्णांक पाच. कुणीही खोटं बोलत नव्हतं. त्या घरात गेल्या दोन वर्षांत खोटं बोललं होतं ते फक्त डबीवरच्या त्या दोन शब्दांनी, आणि ते दोन शब्द कुणाच्या अक्षरात होते ते सांगायला नको.

"काका! गाडी आली! तुम्ही पाण्याशी काय खेळताय?"

हॉस्पिटलात बाईंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली.

"फुप्फुसात संसर्ग आहे. ताप कधीपासून?"

"सोमवारपासून."

"किती होता?"

साधा प्रश्न. पण आयुष्यात पहिल्यांदाच काटेवाल्यांकडे एका दिवसाचे दोन आकडे होते आणि दोन्ही त्यांनीच मोजलेले. "आज एकशे तीन पूर्णांक चार," ते म्हणाले. "काल दोन पूर्णांक सहा."

"आणि काल आणलं नाहीत?"

"आमच्या घरी तो एकशे एक पूर्णांक एक होता."

डॉक्टरणीने नर्सबाईंकडे बघितलं. नर्सबाईंनी छताकडे बघितलं.

"हे बघा काका," डॉक्टरीण म्हणाली, "आकडा कुठलाही असो, श्वास असा चालला, माणूस असंबद्ध बोलायला लागलं, की थांबायचं नाही. आणखी एखाद-दोन दिवस गेले असते तर..." तिला कुणीतरी हाक मारली आणि ती वाक्य अर्धं टाकून गेली. काटेवाले त्या अर्ध्या वाक्यासमोर बाकावर बसून राहिले. डोळ्यांसमोर आकडेच येत होते. मागच्या थंडीत स्वतःला 'नव्व्याण्णव पूर्णांक सहा' असताना ते दिवसभर काटे उचलत फिरले होते, आणि संध्याकाळी दारातच कोसळले होते. तेव्हा त्यांनी वयाला दोष दिला. आणि नात! सुट्टीत चार दिवस तापली होती. वजा करून एकशे एक. पट्ट्या ठेवत त्यांनी तिला गोष्टी सांगितल्या होत्या. आता अंगावर काटा आला, आणि या काट्याला दुरुस्त करण्याचं हत्यार त्यांच्या पेटीत नव्हतं.

त्यांनी परगावी लेकीला फोन लावला. आईचं सांगितलं. लेक रडली, निघते म्हणाली. मग हे खालच्या आवाजात म्हणाले, "बेटा, एक सांगायचंय. आपला थर्मामीटर. तुझ्या पोरीचा ताप मी..."

"दीड वजा करून सांगितला होता. माहितीये मला."

"माहितीये?"

"बाबा, आई मला तेव्हाच फोन करायची. म्हणायची, ह्यांनी सांगितला त्यात दीड मिळव. मी मिळवला, गाडी पकडून आले आणि त्याच दुपारी तिला डॉक्टरांकडे नेलं. तुम्हाला सांगितलं होतं की आम्ही बागेत चाललोय."

"बागेत."

"तुमच्या वेळेलाही आईनेच नर्समावशींकडून गोळ्या आणून दिल्या होत्या, व्हिटॅमिनच्या म्हणून."

सगळ्या घरात दोन वर्षं एक चोरटा कारभार चालला होता. ते पुढच्या दाराने वजा करत होते आणि बायको मागच्या दाराने मिळवत होती. सगळ्यांचं मिळवत होती.

"बाबा, ऐकताय ना? मग ह्या वेळी आईचा कुणी मिळवला?"

कुणीच नाही, हे दोघांनाही कळलं, आणि लेकीने फोन ठेवला की आपल्या हातून कट झाला, हे काटेवाल्यांना आठवत नाही.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी लेक आली आणि बापाशी फारसं बोलली नाही. शुक्रवारी दुपारी नळी निघाली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला पण डोळे जाग्यावर आलेले. वॉर्डातल्या नर्सने ताप बघितला आणि थर्मामीटर काटेवाल्यांच्या समोर धरला. त्यांची ख्याती तोपर्यंत मजलाभर पसरली होती, दुसरं काय.

"किती हो?" बाईंनी विचारलं.

"नव्व्याण्णव पूर्णांक चार."

"वजा करून?"

"नाही गं. आहे तेवढाच."

बाईंनी त्यांना स्टुलावर बसायची खूण केली. "मी सांगणार होते. फुटला त्याच दिवशी. तुम्ही घरी आलात ते त्या किराणावाल्याला वाडग्याची गोष्ट सांगत आलात. चार थर्मामीटर आणि वाडगा. इतक्या रंगात होतात! म्हटलं, उद्या सांगू. मग उद्याचा उद्या झाला."

"मंगळवारी तरी सांगायचंस. जीव गेला असता तुझा."

"सांगत होते की. तुम्ही म्हणालात, केलं वजा."

काटेवाल्यांनी तिचा हात धरला. चिमटा आठवला नाही, हे नर्सबाईंनी दारातून पाहिलं आणि इमारतीत येऊन सगळ्यांना सांगितलं. सहाला भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. काटेवाले उठले, सवयीने मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यात? अजून चार मिनिटं आहेत."

बाईंनी डोळे मिटले. मग एकच उघडला.

"अहो, एक राहिलंच. ते भिंतीवरचं घड्याळ."

"त्याचं काय?"

"सेल बदलला होता ना मी. तेव्हा बरोबर लावलं."

"कधी?"

"नात शाळेत जायला लागली त्या वर्षी."

काटेवाले परत स्टुलावर बसले. सात वर्षं. नऊ दहाची बस. डेपोला दोन पत्रं, दुसऱ्यात तर 'आपल्या बेजबाबदारपणाची कमाल वाटते' असं वाक्य होतं. लेकीच्या गृहप्रवेशाला पोचले तेव्हा फोटो काढून झाले होते.

"आणि तो वजनाचा काटा?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"त्याला मी हात लावलेला नाही. दोन किलो कमी दाखवतो, तो बरा आहे."

"अजून काय काय बदललंयस तू त्या घरात?"

बाईंना हसू आलं, हसता हसता खोकला आला. नर्सने येऊन पाठीवर हात फिरवला आणि काटेवाल्यांना दाराकडे बोट दाखवलं. ते दारापर्यंत गेले तेव्हा मागून खरखरीत आवाज आला.

"अहो! मी घरी येईपर्यंत कशातूनही काही वजा करू नका!"